ला पी

क्लोद मोने (१८४०–१९२६) या फ्रेंच चित्रकाराचे बर्फाच्छादित खेड्याचे तैलचित्र; नावाचा अर्थ ‘मॅगपाय पक्षी’. कॅनव्हासवर, ८९ × १३० सेंमी. १८६८-६९ च्या हिवाळ्यात नॉर्मंडीतील एत्रता गावाच्या परिसरात रंगविलेले. दृक्‌प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम) हे नाव रूढ झाले ते १८७४ च्या प्रदर्शनानंतर. त्यामुळे काटेकोरपणे पाहता हे चित्र त्या संप्रदायाच्या पूर्वकाळातले ठरते. गोदिबेर या आश्रयदात्याच्या मदतीने मोने त्या वेळी आपली जोडीदार कामीय व तान्ह्या मुलासह एत्रतात राहत होता. डिसेंबर १८६८ मध्ये बाझीय या चित्रकार-मित्राला लिहिलेल्या पत्रात, इथला मुलूख आपल्याला उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यातच अधिक आवडतो की काय, असे त्याने म्हटले आहे.

काठ्यांच्या फाटकावर कावळ्याच्या कुळातील काळापांढरा मॅगपाय बसला आहे. मागे कुंपण, झाडे व बर्फाने झाकलेली छपरे. माणूस कुठेच नाही. याउलट कूर्बे या फ्रेंच चित्रकाराच्या हिमदृश्यांत बहुधा शिकारी वा हरणे असतात.

चित्राची खरी चर्चा सावल्यांभोवती आहे. ऊन मागून येत असल्याने कुंपणाची सावली प्रेक्षकाच्या दिशेने पडते, आणि ती काळी वा करडी नसून निळसर आहे. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये मांडलेल्या रंगविरोधाच्या (शेजारचे रंग एकमेकांना अधिक वेगळे भासवतात या) नियमाशी काही अभ्यासक तिचा संबंध जोडतात. मात्र थेट ऊन न पोहोचणारा बर्फ निळ्या आकाशाचाच प्रकाश परावर्तित करतो. निव्वळ निरीक्षणानेही चित्रकार इथवर पोहोचू शकला असता, आणि हेच स्पष्टीकरण अधिक सरळ वाटते. बर्फही एकरंगी नाही, उन्हातल्या भागात पिवळसर-गुलाबी छटा आहेत. चित्रावर जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचा प्रभाव असल्याचा दावा संभाव्य कोटीतला समजावा.

चित्र संपूर्णपणे उघड्यावर झाले की शेवटचा हात घरात फिरला, याविषयी मतभेद आहेत. तीन ओव्हरकोट, हातमोजे व शेजारी छोटी शेगडी अशा थाटात बर्फात चित्र काढणाऱ्या मोनेचे एका पत्रकाराने केलेले वर्णन या संदर्भात अनेकदा उद्धृत होते; पण ते होंफ्लरजवळचे व आधीच्या हिवाळ्यातले आहे. त्यावरून मोनेची सवय कळते, या चित्राबद्दल काही सिद्ध होत नाही. कॅनव्हासचा आकार पाहता निदान काही काम आत झाले असावे.

१८६९ च्या सालोंच्या (पॅरिसमधील अधिकृत कलाप्रदर्शनाच्या) परीक्षक मंडळाने चित्र नाकारले. पुढे सिस्ले व पिसारो या दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनीही हिमदृश्ये विपुल रंगविली. १९८४ पासून ‘ला पी’ पॅरिसच्या म्यूझे दॉर्से या संग्रहालयाच्या संग्रहात आहे.