हसवणारी एन्का, रडवणारी एन्का

एन्का म्हणजे जपानी गाण्यांचा एक प्रकार. तिचं नाव घेतलं की बाहेरच्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढे ठरलेलं चित्र येतं: पडणारा बर्फ, सुटणारी बोट, साकेचा पेला आणि किमोनोतल्या गायिकेचा भरून आलेला आवाज. मग एखाद्या दिवशी जुन्या, खरखरणाऱ्या तबकडीवर कुणीतरी व्हायोलिनच्या साथीने 'नोंकी दा ने' म्हणताना सापडतो. म्हणजे 'काय निवांत चाललंय!' तीही एन्काच म्हणे. रडणं कुठे गेलं?

नाव एक, गाणी दोन. 'एन्का'तला 'एन' मूळचा 'एन्झेत्सु'तला, म्हणजे भाषणातला. 1880च्या दशकात जपानमध्ये लोकहक्कांची चळवळ तापली आणि पोलीस सभा बंद पाडू लागले. मग कार्यकर्त्यांनी भाषणं गाण्यात घातली. कावाकामी ओतोजिरोने लाल जाकीट घालून, हातात पंखा घेऊन 'ओप्पेकेपे' गात नव्या श्रीमंतांची टर उडवली. पुढे एन्काशी, म्हणजे एन्का गाणारे, कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहून गायचे आणि गाण्याचे छापील कागद विकायचे. पोट त्या कागदांवर. आपल्या शाहिराला हा धंदा लगेच कळला असता.

सुरुवातीला भेटलेलं 'नोंकी दा ने' हे अशाच एका एन्काशीचं, सोएदा अझेम्बो यांच्या 'नोंकी-बुशी' या गाण्याचं पालुपद. गाणं 1918चं, म्हणजे तांदळाच्या भावावरून दंगली उसळल्या त्याच वर्षातलं. त्यातला एक अंतरा सांगतो, की जपानी माणूस गरीब असला तरी थोर. भाव आभाळाला भिडले तरी गरम पाणी नि पेज पिऊन जगतोच. आणि लगेच, 'काय निवांत चाललंय!' चाल गोड आहे, म्हणूनच टोमणा जास्त झोंबतो.

आज जिला एन्का म्हणतात ती युद्धानंतरच्या लोकप्रिय गाण्यांतून घडली. हे नाव तिला 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्याने चिकटलं. सरकार, भाव, पुढारी सगळे गायब. उरलं गाव, विरह, आई.

फरक कानालाही कळतो. जुन्या एन्केत शब्दांची गर्दी असते आणि आवाज साधा, बोलल्यासारखा. नवीत शब्द थोडे, पण एकेक स्वर मुरकीसारखा वळवत लांबवतात; त्याला 'कोबुशी' म्हणतात. आनंदी एन्केची स्वरपट्टी बहुधा म आणि नी गाळलेली, म्हणजे आपल्या भूपाचेच पाच स्वर. दुःखीत त्यातलेच ग आणि ध कोमल. परकेपणा अर्धा तिथेच संपतो.

नवीतही हलकीफुलकी गाणी आहेत. गायक किताजिमा साबुरो यांचं 1978चं 'योसाकु' घ्या: नवरा लाकूड तोडतो, बायको माग चालवते, मध्ये 'हेइ हेइ हो'. भाषा न कळताही मान डोलते. 'नोंकी-बुशी'चं तसं नाही. निदान एका अंतऱ्याचा अर्थ कुणाकडून तरी विचारून घ्या, नाहीतर तुम्ही नुसत्या चालीवर हसाल आणि पेज पिणारा माणूस निसटून जाईल.