एअरसॉफ्टमधील बिनतारी संदेशव्यवस्था

एअरसॉफ्टच्या मोठ्या खेळांत खेळाडू, त्यांचे नायक, पंच आणि आयोजक यांच्यात वॉकीटॉकीवरून होणाऱ्या बोलण्याची आखणी. साधारणपणे ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक गोळ्या झाडणाऱ्या नकली बंदुकांचा हा खेळ १९७० च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. दहा-बारा जणांच्या डावात हाका मारून काम भागते. शेकडो खेळाडू जंगलात किंवा पडक्या इमारतींत पसरले की ते भागत नाही.

नवख्या आयोजकाला पहिली चिंता पल्ल्याची वाटते, पण खरी टंचाई असते ती बोलायच्या वेळेची. साध्या वॉकीटॉकीवर एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले, तर एफएम पद्धतीत जोरकस संकेत दुसऱ्याला झाकून टाकतो. दोन्ही सारखे असतील तर नुसती शिट्टी आणि खरखर ऐकू येते. हाक व उत्तर मिळून सहा सेकंद धरली, तर एका चॅनेलवर तासाभरात जास्तीत जास्त ६०० देवाणघेवाणी बसतात. साठ खेळाडूंत वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला दहा, त्याही कोणी कोणाच्या बोलण्यावर बोलला नाही तर. चकमक पेटते तेव्हा सगळ्यांना एकाच मिनिटात बोलायचे असते, हे या हिशेबात धरलेलेच नाही.

म्हणून एका बाजूचे सगळे खेळाडू एका चॅनेलवर ठेवत नाहीत. प्रत्येक तुकडीला तिचे चॅनेल मिळते आणि तुकडीनायक व बाजूचा सेनापती यांच्यासाठी वेगळे नायक-चॅनेल राखले जाते. नायकाला दोन्हीकडे कान द्यावा लागतो. दोन चॅनेल आळीपाळीने तपासणारे संच मिळतात, पण एकावर बोलणे चालू असताना दुसऱ्यावरचा निरोप त्यांतून निसटतो. नायकाने दोन संच बाळगावेत किंवा दुसरा संच देऊन सोबत्याला बसवावे, हे अधिक भरवशाचे. नायक-चॅनेलवर एक नियंत्रक असतो. कोणी आधी बोलायचे ते तो ठरवतो, निरोप टिपून ठेवतो आणि बराच वेळ गप्प असलेल्या तुकडीला हाक देतो. हे काम सेनापतीने स्वतःकडे ठेवले की त्याचे नकाशाकडे लक्ष राहत नाही.

कोणती चॅनेल वापरायची हे त्या देशाचा कायदा ठरवतो. युरोपात पीएमआर ४४६ या विनापरवाना पट्ट्यात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झमध्ये १२.५ किलोहर्ट्‌झ अंतराची १६ अॅनालॉग चॅनेल आहेत. शक्ती अर्ध्या वॅटपर्यंत आणि अँटेना संचाला कायमची जोडलेली हवी. अमेरिकेत एफआरएस (फॅमिली रेडिओ सर्व्हिस) या विनापरवाना सेवेची २२ चॅनेल असून त्यांतल्या काहींवर २ वॅटपर्यंत मुभा आहे. स्वस्त, ५ वॅटचे, मोठ्या पट्ट्यातल्या हव्या त्या वारंवारितेवर लावता येणारे चिनी संच खेळाडूंत लोकप्रिय आहेत. ते या विनापरवाना सेवांच्या अटींत बसत नाहीत, आणि नीट न लावल्यास खेळाबाहेरच्या कोणाच्या तरी कामात अडथळा आणतात. शेजारशेजारची चॅनेल अगदी जवळच्या तुकड्यांना देऊ नयेत. संच जवळ असले की आवाज पलीकडे गळतो.

'प्रायव्हसी कोड' या नावाने विकल्या जाणाऱ्या सोयीबद्दल मोठा गैरसमज आहे. हा कोड म्हणजे आवाजाखाली पाठवला जाणारा एक मंद स्वर. तो स्वर नसलेले बोलणे तुमचा संच ऐकवत नाही, एवढेच. कोड बंद ठेवणाऱ्या कोणालाही तुमचे सगळे ऐकू येते. वेगवेगळे कोड लावून एकाच चॅनेलवर बसलेल्या दोन तुकड्यांना एकमेकींचा पत्ता लागत नाही, मात्र त्या एकमेकींचे निरोप बिघडवत राहतात.

अर्धा ते दोन वॅटच्या संचांना दाट झाडी, काँक्रीट आणि उंचवटे फार अडवतात. वेष्टनावर किलोमीटरचा आकडा असला तरी मैदानावर काही शे मीटरही कधीकधी जड जातात. शक्ती वाढवण्यापेक्षा संच कमरेवरून काढून खांद्याजवळ लावणे, किंवा निरोप पुढे पोचवणारा खेळाडू टेकडीवर बसवणे जास्त उपयोगी पडते. आवाजाने आपोआप चालू होणारा माइक या खेळात तापदायक ठरतो, कारण धाप आणि बंदुकीची खटखट त्याला पुरेशी असते. बटण पट्ट्याखाली दाबले गेले तर अख्खे चॅनेल अडते. प्रक्षेपण ठरावीक वेळाने तोडण्याची संचातली सोय यासाठी चालू ठेवावी.

बोलण्याची रीत लष्कराकडून उसनी घेतलेली आहे : आधी ज्याला हाक द्यायची त्याचे नाव, मग स्वतःचे, मग निरोप. बटण दाबून क्षणभर थांबले नाही, तर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा नावच असतो. ठिकाण सांगताना 'त्या झाडामागे' याचा उपयोग नाही. आयोजकांनी नकाशावर चौकोन किंवा इमारतींना क्रमांक आधीच दिलेले असावेत.

सुरक्षेचे चॅनेल खेळापासून पूर्ण वेगळे असते. पंच आणि प्रथमोपचार करणारे त्यावर सतत असतात आणि त्याचा क्रमांक सर्व खेळाडूंना ठाऊक असतो. खेळातही खोटे जखमी आणि खोटे वैद्य असल्याने खऱ्या दुखापतीची हाक वेगळी ओळखू यावी लागते. ब्रिटनमध्ये त्यासाठी लष्करातला 'नो डफ' हा संकेत वापरतात. तो ऐकू आला की बाकी सर्वांनी चॅनेल मोकळे करायचे. संच बंद पडेल हे धरून आयोजकाचा मोबाइल क्रमांकही खेळाडूंना दिला जातो.

प्रतिपक्षाचे बोलणे ऐकावे का, खोटे निरोप पेरावेत का, यावर मंडळींत एकमत नाही. काही आयोजक ते डावपेच मानतात, काही बंदी घालतात. मुद्दाम बटण दाबून चॅनेल अडवणे मात्र सहसा कुठेच चालत नाही. बाद झालेल्या खेळाडूने रेडिओवर शत्रूची जागा सांगू नये, हा नियम जवळपास सगळीकडे आहे आणि सर्वांत जास्त तोच मोडला जातो. पंचाला ते पकडता येते ते बहुधा चॅनेल ऐकूनच.