कुरियर वेगळी, वायरलेस ऑपरेटर वेगळी: महायुद्धातल्या बायका हेरांची दोन आयुष्यं

दुसऱ्या महायुद्धातल्या बायका हेरांबद्दल काहीही वाचायला घ्या, सगळ्यांना एकाच माळेत ओवलेलं असतं. नूर इनायत खान हेर, नॅन्सी वेक हेर, पर्ल विदरिंग्टन पण हेर, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की सगळ्या एकच काम करत असणार, म्हणजे फ्रान्समध्ये उतरायचं, जर्मन अधिकाऱ्यांशी गोडगोड बोलायचं आणि त्यांच्याकडून गुपितं काढायची. खरं तर गुपितं काढणं हे यांच्यातल्या बहुतेकींचं मुख्य काम नव्हतंच.

ब्रिटनने जुलै १९४० मध्ये एसओई नावाची संघटना काढली, ती तोडफोडीसाठी आणि व्यापलेल्या देशांतल्या भूमिगत लोकांना शस्त्रं पोचवण्यासाठी. तिच्या फ्रान्स बघणाऱ्या एफ सेक्शनने ३९ बायका तिकडे पाठवल्या, त्यातल्या १३ परत आल्या नाहीत. तिथे काम चालायचं छोट्या छोट्या नेटवर्कमधून, त्यांना सर्किट म्हणायचे, आणि सर्किटचा सांगाडा साधारण तिघांचा. एक प्रमुख, एक कुरियर, एक वायरलेस ऑपरेटर. प्रमुख बहुतेक वेळा पुरुष असायचा, बायका उरलेल्या दोन जागांवर, आणि घोळ होतो तो याच दोन जागांचा.

१६ जून १९४३ च्या रात्री इंग्लंडहून निघालेली दोन छोटी लायसँडर विमानं फ्रान्समध्ये उतरली, त्यातून तीन बायका आल्या. डायना राउडन आणि सेसिली लेफोर्ट या कुरियर, नूर वायरलेस ऑपरेटर. रात्र एक, संघटना एक, ट्रेनिंगही बरंचसं एक, पण पुढचं आयुष्य वेगळं.

आधी कुरियर. हिचं काम फिरणं. फोनवर बोलता येत नाही, पत्रं उघडून वाचली जातात, मग या गावच्या गटाचा निरोप त्या गावच्या गटाला कोण सांगणार, विमानातून शस्त्रं कुठल्या शेतात पडणार हे कोण कळवणार, तर ही. निरोप शक्यतो डोक्यात ठेवायचा, पिशवीत पैसे, खोटी कागदपत्रं, कधी वायरलेसचे सुटे भाग. या कामाला बायकाच का, याचं उत्तर फार व्यवहारी आहे. फेब्रुवारी १९४३ पासून फ्रेंच तरुणांना सक्तीने जर्मनीत कामाला पाठवायचा कायदा आला, त्यामुळे भर दिवसा रस्त्यावर फिरणारा धडधाकट तरुण दिसला की पहिला प्रश्न हाच की तू इथे काय करतोयस. सायकलला पिशवी अडकवून चाललेल्या बाईला हे कोणी विचारत नव्हतं, निदान लगेच तरी नाही.

जॅकलिन नर्न घ्या. १९४३ च्या जानेवारीत पॅराशूटने उतरली आणि पंधरा महिने स्टेशनर नावाच्या सर्किटची कुरियर होती. सर्किटचा पसारा मध्य फ्रान्सपासून पार स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे बाईचा मुक्काम जवळजवळ आगगाडीतच. कागदोपत्री ती औषध कंपनीची फिरती प्रतिनिधी, त्यामुळे सारखी गाडीत का दिसते याचं उत्तर तयार. कुरियरचं सगळं कौशल्य असल्या उत्तरांत असतं. कुठे चाललात, कोणाकडे, परत कधी, आणि हे सगळं न अडखळता, दिवसातून कितीही वेळा, दर वेळी नव्या चेहऱ्यासमोर. तिला माणसं माहीत असतात, पत्ते माहीत असतात, कोणाचं घर रात्री झोपायला चालेल ते माहीत असतं, आणि म्हणूनच ती पकडली गेली तर धोका माणसांना. पकडलेल्या एजंटने निदान ४८ तास तोंड उघडू नये म्हणजे बाकीच्यांना जागा बदलता येतील, अशी अपेक्षा असायची, ती यासाठीच.

आता वायरलेसवाली, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण हे काम लोकांना कमी कळतं. सुटकेससारख्या पेटीत बसवलेला सेट, वजन साधारण १५ किलो, त्याला जवळपास २० मीटर लांबीची एरियलची तार, ती खिडकीतून झाडावर किंवा कौलांवरून टाकायची. लंडनशी बोलायच्या वेळा आधीच ठरलेल्या. निरोप तसाच पाठवायचा नाही, आधी सांकेतिक करायचा, त्यासाठी सुरुवातीला पाठ केलेली कविता वापरायचे. कवितेतले पाच शब्द निवडायचे, त्यातल्या अक्षरांना क्रमांक द्यायचे, त्या क्रमाने निरोपाची अक्षरं एकदा उलटीपालटी करायची आणि मग परत एकदा. एक अक्षर चुकलं की लंडनमध्ये सगळा निरोप म्हणजे निव्वळ गिचमिड. पुढे रेशमी कापडावर छापलेल्या सांकेतिक लिपीच्या किल्ल्या आल्या, वापरलेला तुकडा कापून जाळून टाकायचा, तेव्हा जरा सुटका झाली. आणि हे सगळं थंडीत, एकटीने, बाहेर गाडी थांबल्याचा आवाज येतोय का तिकडे कान ठेवून.

कारण जर्मनांकडे लहरींची दिशा शोधणाऱ्या गाड्या होत्या. कोणी जास्त वेळ मोर्स (ठिपके-रेघांची तारेची भाषा) पाठवत बसलं की त्या गाड्या गल्लीपर्यंत यायच्या. त्यांची आणखी एक युक्ती म्हणजे एकेका भागाची वीज तोडायची, सिग्नल बंद पडला की समजायचं सेट त्याच भागात आहे, म्हणून ऑपरेटर बॅटरी जवळ ठेवायचे. पॅरिसमधली वायरलेसवाली सहा आठवडे टिकली तरी खूप, असं तेव्हा बोललं जायचं. नूर जवळपास चार महिने टिकली, तेही आल्यावर दहाएक दिवसांत तिच्याशी जोडलेलं प्रॉस्पर सर्किट कोसळलं, भराभर अटका झाल्या, लंडनने परत ये म्हटलं आणि ती नाही म्हणाली. मग सेट घेऊन पॅरिसभर जागा बदलत राहिली. (तिचे वडील बडोद्याचे, गायकवाडांच्या राज्यातलं संगीतकारांचं घराणं, म्हणून आपल्याकडे तिच्याबद्दल जरा जास्त लिहिलं जातं.) आणि गंमत बघा, शेवटी ती सापडली ती गाड्यांमुळे नाही, फितुरीमुळे, ऑक्टोबर १९४३ मध्ये.

मला विचाराल तर दोघींतला खरा फरक अटकेनंतर दिसतो. कुरियर सापडली तर शत्रूच्या हाती ती आणि फार तर तिच्या ओळखीची माणसं लागतात. वायरलेसवाली सेट आणि कोडसकट सापडली तर शत्रूला थेट लंडनशी बोलायची सोय होते. नूरच्या खोलीत तिने पाठवलेल्या निरोपांची वहीच मिळाली, जर्मनांनी तिच्या नावाने निरोप पाठवायला सुरुवात केली आणि लंडन उत्तरं देत बसलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये याच खोट्या संवादातून ठरलेल्या जागी काही एजंट पॅराशूटने उतरले, खाली जर्मन वाटच बघत होते. त्यांच्यात माडलेन दामरमाँ नावाची तरुण कुरियर होती. तिला आणि नूरला सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत एकाच दिवशी मारलं.

असं होऊ नये म्हणून सोय नव्हती असं नाही. प्रत्येक ऑपरेटरच्या निरोपात ठरवून केलेल्या खुणा असायच्या, त्या गाळल्या की लंडनने ओळखायचं की बाई किंवा बुवा पकडलेत. पण प्रॉस्परच्या पकडल्या गेलेल्या एका ऑपरेटरच्या नावाने खूण नसलेला निरोप गेला तेव्हा लंडनहून काय उत्तर यावं, तर तू खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे! म्हणजे खूण असते हेच जर्मनांना आयतं कळलं. यावर काय बोलणार.

एकाच घरात दोन्ही कामं बघायची असतील तर जॅकलिनची धाकटी बहीण आयलीन. मोठीची इच्छा होती की धाकटीने तिकडे जाऊ नये, धाकटी तरी मार्च १९४४ मध्ये गेलीच, पॅरिसजवळ वायरलेस ऑपरेटर म्हणून, आणि पुढच्याच महिन्यात जॅकलिन इंग्लंडला सुखरूप परतली. जुलैमध्ये आयलीन सापडली. तिने निरोपाचे कागद जाळले होते पण सेट मिळाला, म्हणजे मी यातली नाहीच हे म्हणायची सोय संपली. मग तिने मी साधी दुकानातली पोरगी, मालकासाठी निरोप पाठवते, मला काय कळतंय त्यातलं, असं बावळटपणाचं सोंग घेतलं आणि छळ होऊनही सोडलं नाही. नंतर रावेन्सब्रुकच्या छळछावणीत नेली आणि एप्रिल १९४५ मध्ये कैद्यांना चालवत नेत असताना निसटली. बहिणीकडे दाखवायला औषध कंपनीची नोकरी होती, हिच्या खोलीतल्या पेटीचा खुलासा करायला मात्र काहीच नव्हतं.

अर्थात अपवाद आहेतच. इव्हॉन कॉर्मो ही ऑपरेटर असून दक्षिण-पश्चिम फ्रान्सच्या खेड्यांत वर्षभर राहिली, ४०० च्या वर निरोप पाठवले. तिच्याकडे नर्सची कागदपत्रं होती, एकदा नाकाबंदीत सेट सापडला तर तो एक्स-रे मशीन म्हणून खपून गेला! खेड्यात आणि पॅरिसमध्ये हा फरक पडायचा.

दोन्ही कामं एकमेकींवर किती अवलंबून होती ते नॅन्सी वेकच्या सायकल प्रवासात दिसतं. साधारण ५०० किलोमीटर ७२ तासांत, हे सगळीकडे सांगतात, पण कशासाठी हे बऱ्याचदा गाळतात. तिच्या गटाच्या ऑपरेटरला पळापळीत कोड नष्ट करावे लागले होते, लंडनशी संपर्क तुटला म्हणजे शस्त्रं बंद, म्हणून दुसऱ्या ऑपरेटरपर्यंत निरोप न्यायला ती निघाली होती.

माझं मत असं की कुरियरला कमी भाव मिळतो, कारण सिनेमात दाखवायला तिच्याकडे यंत्र नसतं. पण सर्किट उभं राहायचं तिच्या ओळखींवर. पर्ल विदरिंग्टन कुरियर म्हणूनच आली होती, मे १९४४ मध्ये प्रमुखाला अटक झाल्यावर सर्किटचा एक भाग तिने हातात घेतला आणि हजारो भूमिगत सैनिक सांभाळले, कारण कोण कुठे आहे हे तिला आधीच माहीत होतं. ऑपरेटरला ही बढती जास्त अवघड, तिला मुद्दामच कोणाला भेटू द्यायचे नाहीत.

दोन्ही बाजू स्वतः जगलेली एक बाई मात्र होती, अमेरिकन व्हर्जिनिया हॉल, एक पाय लाकडी. १९४१-४२ मध्ये एसओईसाठी लियाँमध्ये पत्रकार म्हणून राहून माणसं जोडत होती, जर्मन मागे लागल्यावर त्याच लाकडी पायाने पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये गेली. मार्च १९४४ मध्ये ओएसएस या अमेरिकन गुप्तचर संघटनेकडून परत आली ती वायरलेस ऑपरेटर होऊन, आता म्हातारी खेडवळ बाई, पांढरे केस, अंगावर घोळदार कपडे, म्हणजे चालीतलं लंगडणंही वयावर खपेल. पहिल्या खेपेला चार लोकांत मिसळणं हेच तिचं हत्यार, दुसऱ्या खेपेला कोणाच्या नजरेत न भरणं. १९४५ मध्ये तिला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे अमेरिकन शौर्यपदक मिळालं, तेही तिने जाहीर समारंभात घेतला नाही, कारण पुढेही याच कामात राहायचं होतं आणि चेहरा छापून यायला नको होता.