तोतरेपणा: दोष जिभेत नसतोच

"जीभ जड आहे त्याची, गिऱ्हाइकासमोर बसवू नका," असं अडखळत बोलणाऱ्या पोराबद्दल खान्देशात अजून सर्रास ऐकू येतं. मग कुणी जिभेखाली खडा ठेवायला सांगतं, कुणी अक्कलकारा मधात चाटवायला. हा समज साफ चुकीचा आहे. बोलण्याची जुळवाजुळव मेंदू करतो, फरक तिथे असतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. म्हणून तर तोच पोरगा आरती सहसा न अडखळता म्हणतो. भीतीने अडखळणं वाढतं, पण सुरू त्यामुळे होत नाही. बुद्धीशी तर काडीचाही संबंध नाही. मोठ्या माणसांत साधारण १ टक्का लोक असे बोलतात.

आता कामाचं. रावेरकडच्या केळीच्या व्यापारात घड पारखणारी नजर आणि चोख हिशेब लागतो, "बा... बा... बाराशे" म्हणायला दोन सेकंद जास्त लागले म्हणून भाव पडत नाही. खरी अडचण फोनवर येते. स्वतःचंच नाव घशात अडकतं आणि पलीकडचा "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवतो. तिथे आधी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकाव्यात. मुलाखतीत सुरुवातीलाच सांगून टाकावं, "मी अडखळतो, वाक्य पूर्ण करू द्या." लपवण्यातच जास्त दम जातो. स्पीच थेरपिस्टची मदत कुठल्याही वयात घेता येते. आणि समोर बसणाऱ्यांनो, त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका.