रुळांखालचा रस्ता : एडिनबरातील ट्राम आणि जुनी दगडी फरसबंदी

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा येथे ट्रामचा एक नवा मार्ग उत्तरेकडील ग्रँटनपासून दक्षिणेकडील रुग्णालयाच्या परिसरापर्यंत नेण्याचा विचार चालू आहे आणि त्यासाठी तेथील महापालिकेने २०२५ साली नागरिकांची मते मागवली. खर्च, वाहतूक आणि दुकानदारांची अडचण यांबरोबरच शहराच्या जुन्या दगडी रस्त्यांचे काय होणार, हा प्रश्नही पुन्हा पुढे आला आहे. एडिनबराचा जुना आणि नवा असे दोन्ही भाग १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्यामुळे त्या प्रश्नाला वजन आहे. मात्र प्रश्न नवा नाही. गेल्या दीडशे वर्षांत येथील रस्ते आधी घोड्यांच्या, मग केबलच्या, मग विजेच्या आणि अखेर आजच्या ट्रामसाठी उकरले गेले आहेत. त्या प्रत्येक वेळी जमिनीखाली काय घडले हे पाहिल्याशिवाय वरच्या फरसबंदीचे काय झाले हे नीट उमगत नाही.

रस्त्यात रूळ टाकण्याची पहिली अडचण अगदी साधी होती: रूळ पृष्ठभागाच्या वर आला, तर बाकीच्या गाड्या त्याला अडखळतात. जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या अमेरिकन उद्योजकाने १८६१ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर टाकलेले रूळ असेच उंच होते. लोकांची ओरड झाली आणि ते काढावे लागले. याच्या आधीच आल्फोन्स लुबा या फ्रेंच माणसाने न्यूयॉर्क आणि पॅरिस येथे खाचेचा रूळ वापरून दाखवला होता. रुळाचा माथा रस्त्याच्या पातळीत राहतो आणि चाकाची कड माथ्यालगतच्या अरुंद खाचेतून धावते, ही ती रचना. आजही जगभरच्या रस्त्यांवरील ट्राम याच तत्त्वावर चालतात. दगडी रस्ता आणि ट्राम एकत्र नांदू शकतात हे त्या बोटभर खाचेमुळे शक्य झाले. त्याच खाचेत आज सायकलचे चाक अडकून अपघात होतात, हेही नमूद करायला हवे.

ब्रिटनमध्ये १८७० साली ट्रामवेज कायदा झाला. त्यातील एका कलमाने पुढच्या कित्येक दशकांतील रस्त्यांचे रूप ठरवले, आणि या इतिहासात त्या कलमाकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही असे मला वाटते. दोन रुळांमधला रस्ता, दोन मार्गिकांमधला पट्टा आणि बाहेरच्या रुळापलीकडची दीड फूट जागा यांची देखभाल ट्राम चालवणाऱ्याने स्वखर्चाने करावी, असे बंधन त्यात होते. घोड्यांच्या नालांनी रुळांमधली जमीन सर्वांत जास्त झिजत असल्याने तेव्हा हे न्याय्यच होते. विजेची ट्राम आल्यावर घोडे गेले, पण बंधन तसेच राहिले, आणि इतर गाड्यांनी झिजवलेल्या रस्त्याचा खर्चही ट्रामच्या माथी येत राहिला. यातून एक गोष्ट मात्र झाली. रुळांच्या आजूबाजूला टिकाऊ दगड बसवणे आणि तो नीट राखणे ही ट्राम कंपनीची स्वतःची गरज बनली.

हे दगड म्हणजे ‘सेट’. बोलताना त्यांना सर्रास गोटे म्हटले जाते, पण नदीतले गोलसर गोटे वेगळे आणि खाणीतून काढून छिन्नीने घडवलेले हे आयताकृती दगड वेगळे. एडिनबराच्या परिसरात त्यासाठी ग्रॅनाइटबरोबर व्हिनस्टोन नावाचा गडद दगड वापरला जाई. व्हिनस्टोन म्हणजे मुख्यतः डोलेराइट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा भूगर्भशास्त्रीय भाऊबंद. एक सेट साधारण वीतभर लांब आणि जवळजवळ तेवढाच खोल असतो. रस्त्यावर दिसतो तो त्याचा माथा, बाकीचा दगड वाळूच्या थरात दातासारखा रुतलेला असतो. वजन पडले की तो किंचित हलतो, शेजारच्या दगडांवर भार टाकतो आणि पुन्हा स्थिरावतो. शंभर वर्षे चाके गेल्यावर त्याच्या कडा गोलावतात आणि माथ्यावर तुकतुकी येते. दुरुस्तीच्या वेळी नवा, यंत्राने कापलेला दगड शेजारी बसवला की ओळखायला जाणकार लागत नाही.

एडिनबरात घोड्यांची ट्राम नोव्हेंबर १८७१ मध्ये लीथ आणि हेमार्केटदरम्यान सुरू झाली. शहर टेकड्यांवर वसलेले आहे आणि चढ घोड्यांना झेपत नव्हते. त्यामुळे १८८८ मध्ये उत्तरेकडच्या उतारावर केबलची ट्राम आली आणि १८९९ पासून शहरातील बहुतेक मार्ग केबलवर गेले. प्रिन्सेस स्ट्रीट या शहराच्या मुख्य रस्त्यावर डोक्यावरून विजेच्या तारा नकोत, ही भावनाही त्यामागे होती. पण वरचे दृश्य वाचवण्याची किंमत जमिनीखाली मोजावी लागली. केबलसाठी दोन रुळांच्या मधोमध सलग फट लागते आणि त्या फटीखाली अखंड चर लागतो, ज्यात कप्प्यांवरून पोलादी दोर सतत धावत असतो. म्हणजे दोन रुळांसाठी वरवर खोदण्याऐवजी रस्ता मैलोन्‌मैल आतून पोकळ करावा लागला.

शेजारच्या लीथने, जे तेव्हा स्वतंत्र नगर होते, १९०५ मध्ये विजेची ट्राम स्वीकारली. परिणामी पिलरिग येथे दोन्ही शहरांच्या सीमेवर प्रवाशांना उतरून दुसरी ट्राम पकडावी लागे, आणि ‘पिलरिगचा गोंधळ’ हा शब्दप्रयोग तिथे रूढ झाला. १९२० मध्ये लीथ एडिनबरात विलीन झाले आणि १९२३ पर्यंत केबल बंद होऊन सगळीकडे वीज आली. केबलच्या काळातील रुळांचा एक छोटा तुकडा मधल्या फटीसह वॉटर्लू प्लेस येथे जपून ठेवला आहे. अलीकडच्या कामात पिलरिगजवळ केबलची मोठी चाकेही जमिनीतून निघाली आणि ती लोकांना पाहता येतील अशी जवळच मांडली गेली.

१६ नोव्हेंबर १९५६ रोजी शेवटची ट्राम धावली. मोटारगाड्यांच्या त्या काळात दगडाची निगा राखणारा ट्रामसारखा वारस उरला नाही, आणि कित्येक रस्त्यांवर दगडांवरच डांबर पसरले. मधल्या पन्नास वर्षांत पाणी, गॅस, वीज आणि दूरध्वनी या सेवांनी आपापल्या सोयीने रस्ते खणले. त्यामुळे २००६ मध्ये स्कॉटिश संसदेने नव्या ट्रामला कायद्याने मंजुरी दिली तेव्हा जमिनीखाली काय आहे याचा भरवशाचा नकाशा हाती नव्हता. २००७ पासून नळ आणि केबली हलवण्याचे काम सुरू झाले आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गुंतागुंत समोर आली. हे काम टाळता येत नाही. रुळांखाली नळ फुटला तर ट्राम बंद ठेवून खणावे लागते. शिवाय रुळातून परतणारा विद्युतप्रवाह जमिनीत झिरपला तर लोखंडी नळ गंजतात, म्हणून नळ दूर आणि रूळ आवरणात ठेवावे लागतात. कंत्राटदारांशी झालेले वाद, रखडलेली कामे आणि वाढत गेलेला खर्च यांतून ५४ कोटी ५० लाख पौंडांच्या तरतुदीचा प्रकल्प ७७ कोटी ६० लाखांवर गेला. लीथपलीकडच्या न्यूहेवनपर्यंत जाणारा मार्ग मध्येच, शहराच्या मध्यातील यॉर्क प्लेस येथे थांबला, आणि ३१ मे २०१४ रोजी विमानतळापासूनचे १४ किलोमीटर सुरू झाले. या सगळ्याची चौकशी निवृत्त न्यायाधीश लॉर्ड हार्डी यांनी केली आणि तिचा अहवाल २०२३ मध्ये आला.

रस्त्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग प्रिन्सेस स्ट्रीटचा आहे. २००९ मध्ये बहुतेक वर्षभर तो बंद ठेवून रूळ टाकण्यात आले. ट्राम धावण्याआधीच, नुसत्या बसगाड्यांच्या वजनाने, रुळांच्या कडेने पृष्ठभाग तडकू लागला आणि २०११ मध्ये रस्ता पुन्हा उखडावा लागला. रूळ खालच्या काँक्रीटच्या जाड पट्ट्याला जखडलेला असतो, तो हलत नाही. त्याला चिकटलेले डांबर मात्र वजनाखाली दबते आणि उन्हाथंडीने सैलावते-आक्रसते. ताठ आणि लवचिक वस्तू जिथे भेटतात तिथे आधी केसासारखी फट पडते, तीत पाणी जाते, हिवाळ्यात ते गोठून फुगते आणि कड निखळते. दगडी फरसबंदीला हाच नियम लागू आहे. वाळूवर बसलेला जुना सेट काँक्रीटशेजारी टिकत नाही, म्हणून त्यालाही काँक्रीटवर घट्ट बसवावे लागते. दगड तोच राहिला तरी त्याचा श्वास घेणारा, हलून स्थिरावणारा रस्ता संपतो. रस्त्याचा वारसा डोळ्यांना दिसतो तेवढाच, असे मानणाऱ्यांना हे नुकसान जाणवत नाही. मला ते खरे नुकसान वाटते. तरीही दुसरी बाजू आहेच: नळ आधीच बाजूला गेल्याने ट्रामच्या पट्ट्यातला दगड नंतर कोणी वारंवार उकरत नाही, आणि शेजारच्या रस्त्यावरील डांबरी ठिगळांचे नशीब त्याच्या वाट्याला येत नाही.

खोदकामाने काही वेळा दिलेही आहे. लीथच्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर २००९ मध्ये रस्त्याखाली सुमारे ४०० माणसांचे मध्ययुगापासूनचे सांगाडे सापडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा रस्ता आखताना साउथ लीथ चर्चच्या दफनभूमीचा काही भाग त्याखाली गेला होता. पुढे न्यूहेवनपर्यंतच्या वाढीव मार्गासाठी याच ठिकाणी पुन्हा पुरातत्त्वीय उत्खनन झाले, आणि तो मार्ग ७ जून २०२३ रोजी खुला झाला.

फ्रान्समधील बोर्दो शहराने वेगळी वाट धरली. २००३ मध्ये सुरू झालेल्या तेथील ट्रामला जुन्या भागात वरची तार नाही. दोन रुळांमधील तिसऱ्या पट्टीचे तुकडे फक्त ट्राम वर असतानाच विजेने जिवंत होतात. सुरुवातीच्या वर्षांत या यंत्रणेने बराच त्रास दिला, पण नदीकाठच्या दगडी दर्शनी इमारतींसमोर खांब उभे राहिले नाहीत. अर्थात इथेही केबलच्या काळासारखेच झाले: वरचे ओझे खाली गेले.

मुंबईकरांना याचा एक ओळखीचा धागा आहे. कुलाबा ते पायधुणी ही घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी, म्हणजे एडिनबरानंतर अडीचच वर्षांनी सुरू झाली. विजेची १९०७ मध्ये आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद पडली. दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव तेवढे रोजच्या बोलण्यात उरले. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या परिसरात काम चालू असताना डांबराखालून जुने रूळ वर आले, तेव्हा रूळ उपटण्याऐवजी त्यांवर रस्ता चढवला गेल्याचा पुरावाच मिळाला.

एडिनबराच्या नव्या मार्गाचा अवघड टप्पा शहराच्या मध्यातील पुलांवरून जातो. त्यातला साउथ ब्रिज १७८८ मध्ये पुरा झाला. त्याला १९ कमानी आहेत, पण दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्याने काउगेट या खालच्या रस्त्यावरची एकच कमान उघडी दिसते. बाकीच्या कमानींखाली एकेकाळी कारागिरांची दुकाने, कोठारे आणि गरिबांची घरे असलेले तळघरांचे जाळे आहे. रूळ, काँक्रीट आणि हलवायचे नळ यांसाठी लागणारी खोली तिथे मातीत नाही, त्या कमानींच्या माथ्यावरच्या भरावात शोधावी लागणार आहे.