कमी वीज खाणारे प्रोसेसर बाद कसे झाले?

लॅमिंग्टन रोडवर जुना नेटबुक घेऊन गेलात, तर दुरुस्तीवाला स्टिकरवर 'अ‍ॅटम' हे इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचं नाव वाचूनच तो परत हातात देतो. मशीन बिघडलेलं नसतं. त्यावर नवं काही चढत नाही, एवढंच.

ही रड जुनी आहे. जानेवारी २००० मध्ये ट्रान्समेटा कंपनीचा क्रूसो हा प्रोसेसर आला. इंटेलच्या चिपसाठी लिहिलेल्या सूचना तो सॉफ्टवेअरमधून आपल्या भाषेत भाषांतरित करून घ्यायचा. वीज वाचायची, पण वेग पडायचा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स तिथे नोकरीला होते, तरी कंपनी तगली नाही.

जिओडची गोष्ट मात्र आपल्या अंगणातली. सायरिक्सच्या मीडियाजीएक्समधून निघालेली ही चिप नॅशनल सेमीकंडक्टरकडून २००३ मध्ये एएमडीकडे गेली. गरीब मुलांना स्वस्त लॅपटॉप देऊ पाहणाऱ्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाच्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये हीच होती, ४३३ मेगाहर्ट्झची. भारतात हे लॅपटॉप पहिल्यांदा पोरांच्या हाती पडले ते २००७ मध्ये, कर्जतजवळच्या एका छोट्या शाळेत. पुढे २०२३ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या बाराव्या आवृत्तीने जुन्या, ३२ बिट मशीनसाठी 'लाँग नॉप' ही सूचना सक्तीची केली आणि जिओड बाहेर पडला. नॉप म्हणजे 'काहीच करू नकोस'. स्वस्थ बसण्याचा हुकूम कळत नाही म्हणून चिप बाद!

अ‍ॅटम २००८ चा. एन२७० चा वेग १.६ गिगाहर्ट्झ, वीज अडीच वॅट, आणि फक्त ३२ बिट. २०१८ मध्ये मेल्टडाउन-स्पेक्टर या, चिपने पुढचं काम अंदाजाने आधीच करण्यातून निघालेल्या सुरक्षेच्या भगदाडांनी भल्याभल्या चिप्सची झोप उडवली, तेव्हा हा गरीब सुखरूप होता. सूचना ओळीनेच पाळायच्या, पुढचं काम आधीच उरकायची हुशारी त्याच्यात नव्हतीच.

२०१२ च्या क्लोव्हर ट्रेल अ‍ॅटमची अडचण निराळी. त्यातलं ग्राफिक्स इंटेलचं नव्हे, पॉवरव्हीआर हे बाहेरचं तंत्र. ते चालवणारी नवी सॉफ्टवेअरं, म्हणजे ड्रायव्हर, मिळेनात, म्हणून २०१७ पासून विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्या त्यावर बंद झाल्या. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ पर्यंत सुरक्षेचे पॅच तेवढे दिले. फोनसाठीचे पुढचे अ‍ॅटम तर इंटेलने २०१६ मध्येच गुंडाळले होते.

एन२७० ला लाँग नॉप कळतो, त्यामुळे डेबियन १२ त्यावर बसतं. २०२५ च्या तेराव्या आवृत्तीला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही.