‘आमच्यामध्ये वस्ती केली’: झोपडपट्टीतल्या ख्रिस्ती सेवेची पार्श्वभूमी

योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची गोष्ट नाही. गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत. त्याऐवजी एकच वाक्य येतं, आणि मराठी बायबलमध्ये ते असं आहे: ‘शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.’ मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘तंबू ठोकला’ असा होतो. मराठीत आलेला ‘वस्ती’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढच्या दोन हजार वर्षांतल्या एका मोठ्या परंपरेचं सार त्यात आधीच येऊन गेलं आहे.

झोपडपट्टीतल्या ख्रिस्ती सेवेबद्दल बोलताना शाळा, दवाखाने, अन्नवाटप यांचीच मोजदाद होते. ती व्हायलाही हवी. पण या सेवेमागचा आत्मत्याग समजून घ्यायचा तर दुसराच प्रश्न विचारावा लागतो. सेवा करणारा माणूस रात्री झोपतो कुठे? गरिबांना देणारे प्रत्येक पिढीत पुष्कळ झाले. त्यांच्या गल्लीत बिऱ्हाड करणारे मोजकेच, आणि परंपरेला वळण लावलं ते या मोजक्यांनी.

आत्मत्यागाची ख्रिस्ती कल्पना वधस्तंभापाशी सुरू होते असं आपण धरून चालतो. प्रेषित पौलाने फिलिप्पै इथल्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्रात ती त्याच्याही आधी सुरू होते. ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा असूनही त्याने ते पद धरून ठेवलं नाही, स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, आणि मग तो मरणापर्यंत खाली गेला, असा तो उतारा आहे. या रिक्त होण्याला ग्रीकमध्ये ‘केनोसिस’ म्हणतात. म्हणजे त्यागात मरणाच्या आधी उतरणं आहे. वरची जागा सोडून खालची जागा राहायला घेणं.

सुरुवातीच्या मंडळ्यांनी हे फार सरळ घेतलं. जेरुसलेममध्ये लोक जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवत, असं बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं. विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात पक्षपात होतोय अशी तक्रार आली तेव्हा त्या कामासाठी सात माणसं निवडली गेली. डीकन या मंडळीतल्या सेवेच्या पदाचं मूळ परंपरा तिथे शोधते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात साथ पसरली. घरच्यांनीही टाकून दिलेल्या आजाऱ्यांची शुश्रूषा करताना कितीतरी ख्रिस्ती स्वतः दगावले. तिथला बिशप डायोनिशियस याने पत्रात लिहिलं की हे मरण हौतात्म्यापेक्षा कुठेच उणं नाही. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियनला जुन्या देवांची पूजा पुन्हा रुजवायची होती. त्याने आपल्या एका मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात खंत व्यक्त केली, की हे गालीलकर (म्हणजे ख्रिस्ती) त्यांच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाच्या तोंडून आलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचं वजन जास्त.

त्याच काळात कप्पदुकियात, आजच्या तुर्कस्तानात, बिशप बॅसिलने सिझरिया शहराबाहेर एक अख्खं सेवाग्राम वसवलं. आजारी, वाटसरू, कुष्ठरोगी सगळ्यांना तिथे आसरा होता. तुझ्या कोठारात अडकून पडलेली भाकर भुकेल्याची आहे, असं तो प्रवचनात बजावत असे. त्याच्या लेखी दान ही कृपा नव्हतीच, ती दुसऱ्याच्या वस्तूची परतफेड होती.

पुढे मंडळी श्रीमंत झाली. मठांच्या दारी भिक्षा मिळत राहिली, पण मध्ये दार होतं. ते ओलांडणारा ठळक माणूस म्हणजे असिसीचा फ्रान्सिस. कापडाच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा १२२६ साली वारला. त्याने मृत्युपत्रात आपल्या पालटाची सुरुवात कुष्ठरोग्यांपासून सांगितली आहे. त्यांच्याकडे पाहणंही आधी कडू वाटायचं, देवाने मला त्यांच्यात नेलं आणि जे कडू होतं तेच गोड झालं, असं तो सांगतो. चारशे वर्षांनी फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी १६३३ मध्ये स्त्रियांचा संघ स्थापला. तोवर धर्मभगिनी म्हणजे मठाच्या भिंतीआड राहणारी स्त्री. व्हिन्सेंट यांनी आपल्या भगिनींना सांगितलं, तुमचा मठ म्हणजे आजाऱ्यांची घरं, खोली भाड्याची आणि आवार म्हणजे शहराचे रस्ते. स्त्रियांना रस्त्यावर आणणारं हे पाऊल किती मोठं होतं, ते आज पटकन ध्यानात येत नाही.

आपण ज्याला झोपडपट्टी म्हणतो ती मात्र कारखान्यांच्या शहराची निर्मिती. ‘स्लम’ हा शब्द आधी लंडनच्या गल्लीबोळातल्या बोलीत होता. तो सभ्य छापील इंग्रजीत रुळण्यात एका धर्मगुरूचा मोठा वाटा आहे. कार्डिनल वाइजमन यांनी १८५० मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीच्या सावलीतल्या बकाल गल्ल्यांबद्दल लिहिलं, की मला आस्था आहे ती या भागाची.

त्या शतकात दोन वाटा फुटल्या. विल्यम आणि कॅथरिन बूथ यांनी १८६५ मध्ये पूर्व लंडनमध्ये काम सुरू केलं. १८७८ मध्ये त्याला मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) हे नाव मिळालं. फौजेतल्या तरुण मुली १८८०च्या दशकात तळघरांतून आणि माळ्यांवरून खोल्या घेऊन राहू लागल्या. शेजारणींची घरं घासणं, बाळंतिणीपाशी बसणं, प्रेतं धुणं ही त्यांची कामं. दुसरी वाट शिकलेल्यांची. सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ मध्ये व्हाइटचॅपलमध्ये टॉयन्बी हॉल उघडला आणि विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणांना तिथे राहायला बोलावलं. शिकागोतल्या जेन ॲडम्स यांना हल हाउस (१८८९) या तशाच केंद्राची प्रेरणा तिथूनच मिळाली.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, हवाई बेटांतल्या मोलोकाईवर, बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ पासून कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहत होते. तिथे जाऊन काही महिनेच झाले असताना त्यांनी भावाला कळवलं, की मी प्रवचनात ‘आम्ही कुष्ठरोगी’ असं म्हणतो. तेव्हा त्यांना तो रोग झालेला नव्हता. पुढे झाला, आणि १८८९ मध्ये त्यातच ते गेले. ‘तुम्ही’चं ‘आम्ही’ आधी झालं, शरीराने ते नंतर खरं केलं.

झोपडपट्टीत राहायला जाण्याची गोष्ट मला सगळ्यात सखोल वाटते ती जपानच्या तोयोहिको कागावा यांची. जन्म १८८८, कोबे शहरात. पाच वर्षांचे होण्याआधीच आईवडील दोघं गेले. किशोरवयात बाप्तिस्मा घेतला, मग क्षयाने गाठलं. धर्मशास्त्राचे विद्यार्थी असताना, २४ डिसेंबर १९०९ ला, ख्रिस्तजन्माच्या आदल्या दिवशी, ते सामान घेऊन कोबेच्या शिंकावा झोपडपट्टीत राहायला गेले. वय एकवीस. खोली स्वस्तात मिळाली, कारण तिथे खून झाला होता आणि भुताच्या भीतीने कुणी ती घेत नव्हतं. ज्यांना कुठेच आसरा नाही असे आजारी, दारुडे, तुरुंगातून सुटलेले लोक त्या एवढ्याशा खोलीत त्यांच्याबरोबर झोपू लागले. त्यातूनच त्यांना डोळ्यांचा खुपरीचा आजार जडला आणि दृष्टी कायमची अधू झाली.

शिंकावात एक भयंकर धंदा चाले. नकोशी तान्ही बाळं थोड्या पैशांच्या बदल्यात ‘पोसायला’ घ्यायची आणि उपाशी ठेवून मरू द्यायची. कागावांनी असं एक मरायला टेकलेलं मूल घरी आणून सांभाळलं. त्या काळात त्यांच्या हातून किती अंत्यविधी झाले असतील! आणि इथेच त्यांच्या मनाला प्रश्न भिडला. एक मूल वाचवताना पुढचं मूल येतंच आहे. मग हा प्रवाह सुरू होतो कुठे?

त्यांनी वस्तीचा अभ्यास केला आणि १९१५ मध्ये गरिबांच्या मानसिकतेवर जाड ग्रंथ लिहिला. अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकून परत त्याच वस्तीत आले. १९१३ मध्ये लग्न झालेल्या हारू याही तिथेच राबल्या, त्यांच्याही डोळ्यांना तोच आजार झाला. १९२१ मध्ये कोबेच्या जहाजबांधणी कारखान्यांतल्या कामगारांच्या मोठ्या संपाचं नेतृत्व केल्याबद्दल कागावांना अटक झाली. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ग्राहक सहकारी संस्थांतून आजची कोऑप कोबे ही प्रचंड संस्था उभी राहिली. खोलीत एका आजाऱ्याला अंथरूण देणारा माणूस बारा वर्षांत संघटना, सहकार आणि कायदा यांपर्यंत पोहोचला. वस्तीत राहिल्यामुळेच पोहोचला, असं माझं ठाम मत आहे. बाहेरून येणाऱ्याला रोग दिसतो. तिथे झोपणाऱ्याला भाडं, मजुरी आणि सावकार दिसतो.

त्यांच्या बाजूची काळी रेघही सांगायला हवी. १९१५ च्या त्या ग्रंथात जपानमधल्या बहिष्कृत बुराकू समाजाबद्दल अत्यंत अवमानकारक मजकूर आहे. त्या समाजाच्या संघटनांनी त्याचा जाब मागितला आणि जपानी मंडळ्यांना त्यावर उत्तर द्यावं लागलं. शेजारी राहूनही शेजाऱ्याला वंशाच्या चष्म्यातून पाहता येतं. त्याग केल्याने माणूस त्या दोषातून आपोआप सुटत नाही.

फ्रान्समध्ये विसाव्या शतकात हा विचार नव्या शब्दांत मांडला गेला. सहारात राहिलेल्या शार्ल द फुको यांना (मृत्यू १९१६) येशूच्या जाहीर कार्यापेक्षा नाझरेथमधल्या तीस अज्ञात वर्षांचं वेड होतं. सुताराचं काम करत, शेजाऱ्यांसारखं जगत काढलेली वर्षं. त्यांच्या मागे स्थापन झालेल्या ‘येशूचे लहान बंधू’ आणि ‘येशूच्या लहान भगिनी’ या संघांचे सदस्य गरीब वस्त्यांत खोल्या घेऊन मजुरी करू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर काही धर्मगुरू कारखान्यांत कामाला लागले. ते संपांत उतरले तेव्हा रोमने १९५४ मध्ये हा प्रयोग थांबवला. १९६५ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली.

आणि मग जोसेफ रेझिन्स्की. हे धर्मगुरू बाहेरून गरिबीत आले नव्हते, गरिबीतच जन्मले होते. दानावर जगण्याची लाज त्यांनी लहानपणी अनुभवली होती. १९५६ च्या जुलैत पॅरिसजवळच्या नॉइसी-ल-ग्राँ इथल्या बेघरांच्या छावणीत ते राहायला गेले. चिखलात उभी अर्धगोल छपरांची खोपटी, अडीचशेच्या आसपास कुटुंबं, पाण्याला मोजके नळ. तिथे त्यांनी जे केलं ते अनेक भल्या माणसांना रुचलं नाही. त्यांनी फुकट सूप वाटणं बंद केलं. त्याऐवजी वाचनालय आलं, बालवाडी आली, धुलाईघर आलं, बायकांसाठी सौंदर्यप्रसाधनाची खोलीसुद्धा आली. लोकांना अन्नाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मान वर करून जगण्याची गरज आहे हे त्यांना स्वतःच्या आईकडे पाहून कळलं होतं. १९५७ मध्ये त्यांनी छावणीतल्या कुटुंबांसोबत जी संस्था काढली तिलाच पुढे एटीडी चौथं जग हे नाव मिळालं. १७ ऑक्टोबर १९८७ ला पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात त्यांनी एक शिळा बसवली. अतिगरिबी म्हणजे मानवी हक्कांचं उल्लंघन, असं तिच्यावर कोरलं आहे. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तोच दिवस गरिबी निर्मूलनाचा दिवस म्हणून जाहीर केला.

मदर तेरेसांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यातला एकच भाग सांगतो. कोलकात्यातल्या त्यांच्या शाळेच्या भिंतीपलीकडेच मोतीझील वस्ती होती. सुमारे वीस वर्षं त्या भिंतीच्या अलीकडे राहिल्या. १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मठ सोडला आणि पाटण्याच्या वैद्यकीय सेवा करणाऱ्या भगिनींकडे काही महिने शिकल्या. आपल्या भगिनी फक्त भात आणि मीठ खातील, असा त्यांचा बेत होता. तिथल्या अनुभवी भगिनींनी त्यांना खडसावलं, की असं केलंत तर ज्यांची सेवा करायची त्यांच्याच आजारांनी तुमच्या मुली मरतील. त्यांनी ऐकलं. डिसेंबरात मोतीझीलमध्ये फळा नसल्याने जमिनीवर काठीने अक्षरं काढून शाळा सुरू झाली. पुढे त्यांच्या मरणासन्नांच्या घरांत वेदनाशामक औषधं आणि नीट निदान यांची उणीव असल्याची टीका १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ती टीका मला गंभीर वाटते. भगिनींच्या ताटाबाबत पाटण्यात जे शहाणपण स्वीकारलं गेलं, तेच रुग्णाच्या वेदनेबाबतही पुरेपूर यायला हवं होतं.

कारण आत्मत्यागाच्या शिकवणीत एक धोका मुरलेला आहे, आणि १९६० नंतर स्त्री धर्मशास्त्रज्ञांनी तो स्पष्ट मांडला. गर्विष्ठाला ‘स्वतःला रिक्त कर’ म्हणणं ठीक. ज्या बाईचं आयुष्य आधीच दुसऱ्यांसाठी झिजून रिकामं झालंय, तिला हाच उपदेश केला तर तो जाच होतो. झोपडपट्टीत सगळ्यात मोठा त्याग तिथलीच माणसं करत असतात. स्वतः उपाशी राहून पोरांना वाढणारी आई, शेजारच्या अनाथाला पाचव्या मुलासारखं पोटाशी धरणारी बाई. त्यांची नावं संतांच्या यादीत नसतात. बाहेरून आलेल्याला हे दिसायला लागलं की त्याची सेवा बदलते.

लॅटिन अमेरिकेत हे दिसायला लागलं. व्हॅटिकनची दुसरी परिषद संपत आली असताना, १६ नोव्हेंबर १९६५ ला, चाळीसेक बिशपांनी रोमच्या भुयारी दफनभूमीत मिस्सा (कॅथलिक उपासना) केली आणि सामान्य लोकांसारख्या घरात राहण्याची, त्यांच्यासारखंच खाण्याची शपथ घेतली. १९६८ मध्ये कोलंबियात मेडेयीन इथे झालेल्या बिशपांच्या परिषदेनंतर गरिबांना प्राधान्य हा तिथल्या मंडळीचा सूर झाला. २००१ साली जगात ९२ कोटींवर माणसं झोपडपट्ट्यांत राहत असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. त्यांतली एक वस्ती अर्जेंटिनाच्या राजधानीतली, ब्युनॉस आयर्समधली, ‘व्हिया ३१’. रेतिरो रेल्वे स्थानकाच्या मागे, श्रीमंत मोहल्ल्यांच्या अगदी शेजारी.

कार्लोस मुगिका हे त्या श्रीमंत मोहल्ल्यांतल्या घरातले. वडील परराष्ट्रमंत्री होते. धर्मगुरू झाल्यावर मुगिकांनी व्हिया ३१ मध्ये ‘कामकरी ख्रिस्ता’चं छोटं मंदिर उभारलं आणि झोपड्या पाडण्याच्या सरकारी बेतांविरुद्ध रहिवाशांबरोबर ते उभे राहिले. ११ मे १९७४ च्या संध्याकाळी मिस्सा आटोपून चर्चबाहेर पडताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वस्तीतल्या लोकांनी शवपेटी खांद्यावर घेऊन पायी नेली, पण दफन झालं ते रेकोलेताच्या दफनभूमीत, देशातल्या धनाढ्य घराण्यांच्या संगमरवरी समाध्यांमध्ये. पंचवीस वर्षांनी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, वस्तीच्या आग्रहावरून त्यांच्या अस्थी तिथून उचलल्या गेल्या. मिरवणुकीने त्या व्हिया ३१ मध्ये आणल्या आणि त्याच छोट्या मंदिरात ठेवल्या. त्या वेळी शहराचे आर्चबिशप असलेले होर्हे बेर्गोलियो, पुढचे पोप फ्रान्सिस, हजर होते. मुगिका आता तिथे राहतात.